तिसऱ्या परीक्षकाचा चौथा परिच्छेद

संशोधनाच्या अनुदानासाठी केलेलं प्रपोजल नामंजूर झाल्याची मेल आली तेव्हा मी रोह्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल घेत होते. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. चार महिने मी त्यावर येता-जाता मेल बघायचे. त्या दिवशी मुलं ब्युरेट भरत होती, म्हणून जरा टेकले आणि मेल उघडली.

नकाराचं मला फारसं वाटलं नाही. ग्रहविज्ञानाचं प्रपोजल, तेही तालुक्याच्या कॉलेजातल्या बाईचं, पहिल्या फटक्यात मंजूर होईल अशी आशा मी मनाशी धरली होती, पण ती कुणाला सांगण्याइतकी मोठी नव्हती. मेलसोबत तीन परीक्षकांची मतं जोडली होती. नावं अर्थातच नव्हती. पहिल्यानं विषयाचं कौतुक केलं होतं. दुसऱ्यानं चार ओळींत काम आटोपलं होतं. तिसऱ्यानं मात्र दोन पानं लिहिली होती आणि त्याने माझं प्रपोजल ओळ न् ओळ वाचलं होतं हे पहिल्या परिच्छेदातच कळत होतं.

चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं की, वरच्या थरातल्या आणि खालच्या थरातल्या नमुन्यांत अर्जदाराने जो फरक दाखवला आहे, तो नमुने वेगवेगळ्या ऋतूंत मोजले गेल्यानेही पडू शकतो. सर्व मोजमापं एकाच आठवड्यात केल्याचं अर्जदाराच्या आधीच्या शोधनिबंधात म्हटलं आहे. तसं असल्यास पुढच्या वेळी यंत्राच्या नोंदींच्या तारखा जोडाव्यात.

एवढंच. भाषा अगदी सभ्य होती. मी ते वाचलं, मग पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचलं. एक मुलगी विचारायला आली, "मॅडम, गुलाबी रंग आला, आता थांबू का?" मी तिला हो म्हटलं की नाही, मला आठवत नाही.

हे सगळं काय होतं ते सांगायला हवं. माझं आजोळ पेणच्या खाडीकाठचं. मामा मिठागरात काम करायचा. मिठागराच्या वाफ्यातलं मीठ ओढून घेतलं की मागे कडू पाणी उरतं. ते बांधाच्या कडेला सुकतं आणि त्याचा पांढरा, ठिसूळ पापुद्रा धरतो. त्यात मॅग्नेशियम सल्फेट नावाचा क्षार असतो. तसाच क्षार मंगळावरही आहे. मंगळावर जाता येत नाही, पण आजोळी जाता येतं, असं मी मुलांना हसत सांगायचे. त्या पापुद्र्याच्या वरच्या थरात पाणी कमी आणि खालच्या थरात जास्त धरलेलं असतं, असं मला मोजमापात दिसलं होतं. त्यावर मी आणि माझ्या पीएच.डी.च्या सरांनी मिळून एक शोधनिबंध लिहिला. तो एका बऱ्या नियतकालिकात छापून आला. त्याच निबंधाच्या पायावर हे प्रपोजल उभं होतं.

आणि तिसऱ्या परीक्षकाचं म्हणणं खरं होतं.

वरच्या थराचे नमुने मी मार्चमध्ये मुंबईच्या एका संस्थेत नेऊन मोजले होते. खालच्या थराचे त्याच आठवड्यात मोजायचे होते, पण यंत्र बिघडलं. ते दुरुस्त होऊन माझा नंबर लागेपर्यंत जुलै उजाडला. तोपर्यंत त्या बाटल्या रोह्याला लागून असलेल्या वरसे गावातल्या आमच्या घरी लोखंडी कपाटात होत्या. रोह्याच्या पावसात कपाटातल्या साड्यांना वास येतो, चपलांना बुरशी धरते. तो क्षार हवेतलं पाणी ओढतो हे मी मुलांना शिकवत होते.

निबंधातलं 'एकाच आठवड्यात' हे वाक्य मी मार्चमध्येच लिहून ठेवलं होतं, तसंच होणार होतं म्हणून. पुढे ते बदलायचं राहिलं. कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होते, राहून गेलं. पण छापण्याआधी शेवटचा मजकूर तपासायला आला, तेव्हा त्या वाक्यावर माझं बोट थांबलं होतं. मला तो क्षण स्पष्ट आठवतो. कुकरची शिट्टी झाली, मी उठले, परत येऊन पुढच्या पानावर गेले.

त्या मेलनंतर माझ्या मागे एक भीती लागली. आधी ती बारीकसारीक गोष्टींत होती. मुंबईच्या नंबरवरून फोन आला की तो वाजू द्यायचा. स्टाफरूममध्ये कुणी माझं नाव घेतलं की दाराशीच थांबून ऐकायचं. प्राचार्यांचा शिपाई वर्गाच्या दारात दिसला की खडू हातातून सुटायचा. नंतर ती वाढली. हा तिसरा परीक्षक कोण असेल? देशात या विषयावर काम करणारी माणसं मोजकी. मुंबईत एका चर्चासत्राला गेले, तर चहाच्या रांगेत जो कुणी माझ्याशी बोलला तो मला तिसरा परीक्षक वाटला. एका वयस्कर बाईंनी विचारलं, "तुम्हीच ना त्या मिठागरवाल्या?" मी हो म्हटलं आणि कप तिथेच ठेवून निघाले. पनवेलला रोह्याची गाडी येईपर्यंत दीड तास बाकावर बसून होते.

नवरा इथल्याच एका कंपनीत, माल तपासायच्या विभागात. त्याच्या शिफ्ट बदलत्या, त्यामुळे आमचं बोलणं बहुतेक जेवणाच्या ताटावरच व्हायचं. मी त्याला सांगितलं ते महिन्याभराने.

तो म्हणाला, "म्हणजे आकडे खोटे लिहिले तू?"

"आकडे खरेच आहेत. तारीख खोटी आहे."

"आमच्याकडे तारीख चुकली तर अख्खा लॉट अडवतात."

"तुमची कंपनी आहे. हे संशोधन आहे."

बोलून गेले आणि मलाच लाज वाटली. त्याने आमटी वाढून घेतली. थोड्या वेळाने विचारलं, "कुणाला कळलंय?"

"एकाला शंका आलीय. नाव माहीत नाही."

"आणि तारखा कुठे लिहिलेल्या असतात?"

तोपर्यंत मी त्याचा विचार केला नव्हता, किंवा करायचं टाळलं होतं. संस्थेत यंत्राशेजारी एक जाडजूड रजिस्टर असायचं. ज्याने यंत्र वापरलं त्याने तारीख, नमुन्यांची संख्या आणि सही करायची. माझ्या दोन्ही नोंदी तिथे माझ्याच अक्षरात होत्या. कुणीही रजिस्टर उघडावं आणि बघावं.

पुढच्याच आठवड्यात मी रजा टाकून मुंबईला गेले. यंत्र सांभाळणाऱ्या बाई मला ओळखत होत्या. जुन्या नोंदी बघायच्या आहेत म्हटल्यावर त्यांनी कपाटातून रजिस्टर काढून दिलं आणि स्वतः आतल्या खोलीत गेल्या. मार्चचं पान सापडलं. जुलैचंही सापडलं. निळ्या शाईत माझी सही. जुलैच्या पानावर वर आणि खाली दुसऱ्या लोकांच्या नोंदी होत्या आणि मध्ये माझी. पान सुटं झालं होतं. शिवणीजवळ फक्त एका दोऱ्यावर लटकत होतं. मी किती वेळ त्या पानावर हात ठेवून बसले कोण जाणे. मी काय करायला आले होते, हे मला तेव्हा कळलं आणि मी स्वतःलाच घाबरले. त्या रजिस्टरला नव्हते घाबरले तेवढी, परीक्षकालाही नव्हते.

बाई बाहेर आल्या. "मिळालं? झेरॉक्स हवी का?"

"हो," मी म्हटलं. "दोन्ही पानांची."

झेरॉक्स घेऊन मी खाली आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

सरांना फोनवर सांगायची हिंमत होईना. मेमध्ये ते कुटुंबासह गाडीने गोव्याला निघाले होते. त्यांनीच कळवलं, "कोलाडला चहाला थांबतो, येऊन जा." हायवेच्या कडेच्या हॉटेलात आम्ही बसलो. त्यांच्या बायको आणि मुली दुसऱ्या टेबलावर भजी खात होत्या. मी परीक्षकाचं मत आणि दोन्ही झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवल्या. सरांनी चष्मा लावून वाचलं. झेरॉक्स उलट्या करून ठेवल्या.

"हे तू कुणाला दाखवलंस?"

"घरी माहीत आहे."

"बरं. हे बघ, परीक्षकाने शंका घेतलीय, आरोप केलेला नाही. त्यांचं काम पैसे द्यायचे की नाही एवढंच ठरवायचं. ते मत गोपनीय असतं, तोही कुठे बोलणार नाही. पुढच्या प्रपोजलमध्ये हा निबंध आधाराला घेऊ नकोस. दुसरा विषय घे."

"पण सर, निबंध चुकीचा असेल तर?"

"असेल तर. तुला माहीत आहे का चुकीचा आहे?"

मला खरंच माहीत नव्हतं. सर हळू आवाजात म्हणाले, "त्या निबंधावर तुझं एकटीचं नाव नाही. माझं आहे. मला निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "मी रागावलो नाही. मला भीती वाटते, इतकंच."

सरांना भीती वाटते, हे मला कधी सुचलंच नव्हतं. दहा वर्षांत त्यांचा आवाज खाली आलेला मी ऐकला नव्हता. ते गाडीत बसून गेले आणि मी कोलाडच्या स्टॉपवर रोह्याच्या एसटीची वाट बघत उभी राहिले. परत येताना मनात एकच गोष्ट पक्की झाली. आधी स्वतःला तरी खरं माहीत हवं.

मिठाचा हंगाम संपत आला होता. पुन्हा पापुद्रा धरायला पुढचा फेब्रुवारी उजाडावा लागणार होता. ते नऊ महिने कसे गेले ते मी लिहू शकेन असं वाटत नाही. मध्येच कुणीतरी आमच्या निबंधाचा आधार घेऊन स्वतःचा निबंध छापला. म्हणजे चूक आता माझ्याजवळ राहिली नव्हती. ती दुसऱ्याच्या घरात गेली होती.

फेब्रुवारीत मामाकडे गेले. त्याने बांधावरून वाट दाखवली, फावड्याच्या टोकाने पापुद्रा अलगद उचलून दिला. या खेपेला मी वरचा आणि खालचा थर एकाच वेळी खरवडला, काचेच्या बाटल्यांत भरून तोंडं मेणाने बंद केली. निम्मे नमुने मात्र मी मुद्दाम मागच्यासारखे मेण न लावता, वरशाच्या घरच्या कपाटात ठेवायला वेगळे काढले. मामा बघत होता.

"एवढं मेन कशाला लावतेस गो?"

"हवा लागू नये म्हणून."

"मागल्या टायमाला नाय लावलंस."

"नाय लावलं," मी म्हटलं.

त्याच दिवशी पेणहून बस पकडून मी मुंबई गाठली. यंत्रावर वेळ आधीच मागून ठेवला होता. वरच्या थराची रेघ कागदावर उमटली, मग खालच्या थराची. दोन्ही एकमेकींवर अशा बसल्या की दुसरी दिसेचना. काहीच फरक नव्हता. बाईंनी विचारलं, "नीट आलं ना?" मी म्हटलं, "हो, अगदी नीट." आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. जुलैमध्ये कपाटातले नमुने नेले, तेव्हा फेब्रुवारीच्या रेघांशी ताडून पाहता पहिल्या निबंधात होता तसाच फरक दिसला. वरचा थर असो की खालचा. मी मंगळाबद्दल काही शोधलं नव्हतं. मी आमच्या घरातला पावसाळा मोजला होता.

संपादकांना लिहायचं पत्र मी सात-आठ वेळा लिहिलं. 'अनवधानाने' हा शब्द घातला, काढला, पुन्हा घातला. शेवटी लिहिलं की वाक्य चुकीचं होतं, ते तपासताना माझ्या लक्षात आलं होतं आणि मी दुरुस्त केलं नाही. पत्र पाठवण्याआधी सरांना पाठवलं. सहा दिवस उत्तर नाही. त्या सहा दिवसांत मी शंभरदा ठरवलं की पत्र फाडून टाकावं. नवऱ्याला विचारलं, "नोकरी गेली तर?" तो म्हणाला, "गेली तर बघू," पण त्यानेही जेवण अर्धं टाकलं. सातव्या दिवशी सरांचं एका ओळीचं उत्तर आलं. माझंही नाव खाली घाल.

पत्र गेलं. संपादकांनी तीन महिने घेतले. निबंध मागे घेतल्याची छोटीशी सूचना छापून आली. आमची नावं, निबंधाचं शीर्षक आणि कारण. मी ती प्रिंट काढून स्वतःच प्राचार्यांकडे नेली, कारण दुसऱ्या कुणी नेण्यापेक्षा ते बरं. त्यांच्या केबिनबाहेर बसून ती पुन्हा एकदा वाचली.

प्राचार्यांनी दोनदा वाचलं. "म्हणजे हा पेपर आपल्या अहवालातून काढायचा?"

"हो सर."

"विद्यापीठाला कळवावं लागेल." "मॅडम, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंच नसतं." ते शाबासकी म्हणून म्हणाले की तक्रार म्हणून, मला अजूनही ठरवता येत नाही.

नोकरी गेली नाही. पीएच.डी.चे विद्यार्थी घेण्यासाठी विद्यापीठाच्या मान्यतेचा माझा अर्ज मात्र 'सध्या विचारात घेता येत नाही' असा परत आला. माझ्याकडे संशोधन करायला आतुर असलेली एक मुलगी होती, नागोठण्याहून यायची. तिने दुसरीकडे नाव घातलं. मला सांगायला आली तेव्हा तिला रडू आलं. मी तिला समजावत होते आणि मनात घाबरत होते, ही मला कारण विचारेल. तिने विचारलं नाही. तिला माहीत होतं.

मामाला सांगायचं सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. निबंध छापला तेव्हा शेवटी आभाराच्या ओळीत त्याचं नाव होतं. ते पान मी त्याला दिलं होतं आणि त्याने ते काचेच्या चौकटीत घालून देवाच्या फोटोखाली लावलं होतं. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने दाखवायचा.

मी बसून सांगितलं. निबंध चुकीचा निघाला, आम्ही तो मागे घेतला. तो खाटेवर बसून ऐकत होता. मामी आत मासळी साफ करायची थांबली.

"माजं नाव पन खोडलं काय?" मामाने विचारलं.

"सगळाच रद्द झाला मामा. नाव त्याच्याबरोबर गेलं."

"मिठात काय चूक निघाली?"

"नाही. मीठ बरोबर होतं. मी चुकले. पावसात ठेवून मोजलं आणि लिहिलं नाही."

मी त्याच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते, पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मिठाने चिरलेले, पांढरे पडलेले अंगठे.

"मंग त्यांना सांगितलंस ना, आमचं मीठ बरोबर हाय म्हनून?"

"सांगितलं."

"लिवून?"

"लिहून."

"मंग झालं," तो म्हणाला, पण आवाज पडलेला होता. त्याने चौकट उतरवली नाही. मी उतरव म्हणायला धजले नाही. मामीने आतून हाक मारली, "जेवून जाशील ना गो?" मी जेवले. बोंबलाचं कालवण होतं, ताट स्वच्छ केलं.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा प्रपोजल केलं, या वेळी असे क्षार दमट हवेत किती लवकर बदलतात आणि ते कसे सांभाळावेत यावर. मागे घेतलेल्या निबंधाची हकिगत पहिल्याच पानावर लिहिली. सबमिटचं बटण दाबण्याआधी ते पान पुन्हा एकदा वाचलं. तेही नामंजूर झालं. विषयाची व्याप्ती मर्यादित आहे, असं तिघांपैकी दोघांनी लिहिलं. तिसऱ्याने मंजूर करावं असं लिहिलं होतं आणि बाटल्यांच्या बुचांबद्दल एक उपयोगी सूचना केली होती. हा तोच का, ते मला कधीच कळलं नाही. मी ती सूचना वहीत उतरवून घेतली आणि पुढच्या तासाची घंटा झाली म्हणून वर्गावर गेले.